शांघायमधलं लग्न

कुमुदिनीकाकूंना मी ओळखते ती मंजूषाची सासू म्हणून. मंजूषा आणि मी युट्रेख्टला एकाच ऑफिसात आहोत आणि राहतोही फोरबर्गमध्ये, चार गल्ल्यांच्या अंतरावर. काकू २०१९ साली, नवरा गेल्यावर, तळेगावचं घर बंद करून इथे मुलाकडे, आशुतोषकडे आल्या. तळेगावच्या शाळेत त्यांनी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. सरळ पाठीने बसणारी, चुकीचं ऐकलं की लगेच दुरुस्त करणारी बाई.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी काकूंना एक गोष्ट सांगायला लावायचे, त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाची. वडील वासुदेव शांघायला एका डच जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून होते. एकेचाळीसच्या डिसेंबरात सगळं शहर जपान्यांच्या ताब्यात गेलं. परत यायला बोटी नव्हत्या. तिथल्याच एका दवाखान्यात सुहासिनी नावाची मराठी नर्स अडकली होती. दोघांची ओळख झाली आणि पुढच्याच महिन्यात एका गुजराती व्यापाऱ्याच्या देवघरासमोर, कागदी फुलांचे हार घालून, त्यांचं लग्न लागलं. त्रेचाळीसच्या ऑक्टोबरात काकू जन्मल्या. सेहेचाळीसला तिघं बोटीने निघाली, पण आई वाटेत तापाने गेली आणि तिला समुद्रातच सोडावं लागलं. वडिलांनी पुन्हा लग्न केलं नाही. विधवा आत्याच्या मदतीने त्यांनी मुलीला वाढवलं. गोष्ट संपली की बायका डोळे पुसायच्या.

या वडिलांसाठी काकूंनी स्वतःचं लग्न एकतिसाव्या वर्षापर्यंत लांबवलं. चोविसाव्या वर्षी एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा नागपूरचा, प्राध्यापक, आणि त्यांनाही तो आवडला होता. पण बाबांना एकटं टाकून इतक्या लांब जायचं कसं, म्हणून त्यांनीच नकार कळवला. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. पुढे तळेगावातच राहणारा नवरा मिळाला तेव्हा कुठे त्या बोहल्यावर उभ्या राहिल्या.

आईची अविधवा नवमी, सवाष्णपणी गेलेल्या बाईच्या नावाने करतात ती, घरात कधी चुकली नाही. दर भाद्रपदात सवाष्ण जेवायला यायची. वडील गेल्यावर ही नवमी करत नाहीत असं पुष्कळ जणींनी सांगितलं, तरी काकूंनी ती सोडली नाही. इथे आल्यावर सवाष्ण म्हणून मी जाऊ लागले. त्या मला पाटावर बसवून वाढायच्या, ओटी भरायच्या आणि शेवटी नमस्कारही करायच्या. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, मला फार संकोच वाटायचा.

गेल्या वर्षी काकूंनी आईवडिलांची हकिगत लिहून काढायला घेतली. लग्नाचा फोटो त्यांच्याजवळ नव्हता. वडिलांच्या कागदांत शांघायच्या साहेबाने दिलेलं एक शिफारसपत्र होतं आणि त्याच्या खाली हार्लेमचा पत्ता. साहेबाचं नाव बर्खमन. एवढ्यावरून मंजूषाने हार्लेमच्या एका स्थानिक वृत्तपत्राला पत्र पाठवलं. महिन्याभरात फोन आला. बोलत होती बर्खमनची धाकटी मुलगी तीनेके, वय अठ्ठ्याहत्तर. वडिलांची एक पेटी माझ्याकडे आहे, म्हणाली, तुमच्या आईची पत्रंही आहेत तिच्यात, जरूर या.

काकूंना वाटलं, लग्नानंतरच्या चार वर्षांतली असतील. मार्चमधल्या एका शुक्रवारी सासूसुना ट्रेनने हार्लेमला गेल्या. काकूंनी इरकल नेसली होती आणि बरोबर डबाभर बेसनाचे लाडू घेतले होते.

तीनेके बाई मोकळ्या स्वभावाच्या. कॉफी ओतता ओतता इंग्रजीत सांगू लागल्या की वासुदेव आणि सुहासिनी ही नावं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोघं नदीकाठच्या माडीवर राहायची, खिडकीतून जपान्यांची जहाजं मोजायची, कोणतं कधी आलं, काय भरून कधी गेलं याची टिपणं करून बाहेर पोचवायची. डच लोकांना पुढे छावणीत कोंडलं, पण हिंदी माणसांना जपानी फारसा त्रास देत नव्हते, म्हणून बर्खमन साहेबांनी हे काम त्यांच्यावर सोपवलं होतं. काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या थक्क होऊन ऐकत होत्या. आपला बाप, ज्याने परत आल्यावर जन्मभर एका कारखान्यात जावक बारनिशी, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांची नोंदवही, लिहिली, तो हेर होता, हे ऐकून त्यांची मान ताठ झाली, असं मंजूषा सांगते.

मग तीनेके हसून म्हणाल्या, "पपा म्हणायचे, शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून ती दोघं भांडायची, ते इतकं झकास की खरे नवरा-बायको असते तर तसं जमलं नसतं."

काकूंनी कप खाली ठेवला. "असते तर म्हणजे?"

तीनेकेंना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा, सावकाश सांगितलं. ती माडी घरमालक एकट्या माणसाला देत नव्हता, कुटुंबालाच देत होता. म्हणून कुटुंब तयार केलं. लग्न झालंच नव्हतं. बोलता बोलता त्यांचं काकूंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्या थांबल्या.

"तुम्हाला हे माहीत असेल असं मी धरून चालले," त्या म्हणाल्या. "मला माफ करा."

काकूंनी फक्त पत्रं मागितली. अकरा पत्रं होती, सगळी इंग्रजीत, मुंबईहून बर्खमनला लिहिलेली. पहिलं सत्तेचाळीस सालचं आणि शेवटचं एकसष्टचं. खाली सही होती सुचेता कीर्तने. काकूंनी पहिल्या पत्रावरची तारीख मंजूषाला बोटाने दाखवली. आई जाऊन एक वर्ष झाल्यानंतरची तारीख होती ती.

तिथेच, त्या टेबलाशी, त्यांनी अकराही पत्रं वाचली. मंजूषा म्हणते, तपासायला घेतलेल्या वह्यांसारखी, एकेक वाचून पालथी ठेवत.

सुहासिनी हे नाव कामापुरतं होतं. खरी सुचेता. तिचा नवरा डॉक्टर कीर्तने मुंबईत होता आणि तीन वर्षांचा एक मुलगा. युद्धाआधी सहा महिन्यांच्या नोकरीसाठी म्हणून ती शांघायला गेली आणि अडकली. वर्षभर खोटं लग्न नीट चाललं. मग शेजारीपाजारी विचारणा सुरू झाली, एक जपानी अंमलदार दोनदा येऊन गेला. तेव्हा छावणीत जायच्या आधी बर्खमनने सांगितलं होतं की पाळणा नसलेलं घर ऑफिससारखं दिसतं. एका पत्रात सुचेताने त्याला याची आठवण करून दिली होती. पुढे लिहिलं होतं की तुमचं म्हणणं आम्ही पाळलं, मुलगी झाल्यावर कोणी जिना चढून आलं नाही. परत जाताना मात्र मुलीला घेऊन नवऱ्याच्या दारात उभं राहणं शक्य नव्हतं, तेव्हा सुहासिनीने बोटीवर मरावं असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

"तो दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येतो," असं पन्नास सालच्या पत्रात होतं. "आम्ही हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तासभर बसतो. तो मला तिचे मार्क सांगतो."

पहिला शनिवार काकूंना पक्का ठाऊक होता. त्या दिवशी बाबा कारखान्याच्या कामासाठी मुंबईला जायचे आणि परत येताना लेमनच्या गोळ्या आणायचे. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतही हे चालू होतं.

बावन्न सालच्या पत्राशी काकू बराच वेळ थांबल्या. त्यात सुचेताने लिहिलं होतं की मी एकदा तिला पाहण्याचा हट्ट धरला, तेव्हा वासुदेवाने मला अविधवा नवमीला सवाष्ण म्हणून बोलावलं. मी माझ्याच नावाने घातलेलं जेवण जेवले. मुलीने मला कुंकू लावलं. वाढताना तिच्या हातून खीर माझ्या लुगड्यावर सांडली, आत्याबाई रागावल्या. ते लुगडं मी अजून धुतलेलं नाही.

काकूंना खीर आठवत होती. रागावलेली आत्या आठवत होती. त्या बाईचा चेहरा काही केल्या आठवत नव्हता.

लाडवांचा डबा तसाच परत आला होता, उघडलेलाही नव्हता.

घरी आशुतोषने सगळं ऐकलं आणि त्याला वाईट वाटायच्या ऐवजी अभिमानच वाटला. आजोबा दुसऱ्या महायुद्धात हेर होते, हे किती मोठं आहे, यावर कोणीतरी पुस्तक लिहायला पाहिजे, यंदाच्या गणपतीत तू हेच सांग, असं तो म्हणत राहिला. तसा तो वाईट मुलगा नाही. त्याला त्यात युद्ध दिसलं. काकूंनी त्याला पूर्ण बोलू दिलं.

"जपान्यांना फसवलं ते ठीक केलं," त्या मग म्हणाल्या. "पंचेचाळीसला जपानी गेले. त्यानंतर बेचाळीस वर्षं बाबा होते. तेवढी वर्षं हे सोंग कोणासाठी चाललं होतं? घरात बघणारी मी एकटी होते."

आशुतोष म्हणाला, "तुला त्रास होऊ नये म्हणून असेल, आई."

"नागपूरला नकार कळवला तेव्हा त्यांनी मला एका शब्दाने अडवलं नाही. मी त्यांच्या दुःखासाठी थांबले होते, आशू. त्यांना ते माहीत होतं. आणि त्या महिन्यातही ते पहिल्या शनिवारी मुंबईला गेले होते."

हकिगतीची वही बंद झाली. मंडळाच्या लोकांना मंजूषाने काकूंची तब्येत बरी नसल्याचं कळवलं. मला त्यांनी एकदा चहाला बोलावून हे सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "तुला सहा वर्षं जिला मेली म्हणून जेवू घातलं, ती मी पन्नाशीची होईपर्यंत गिरगावात जिवंत होती. तुलाही फसवलं मी. नकळत का होईना."

ते गिरगाव त्यांना कुठून कळलं, तर मंजूषाकडून. तिने कीर्तने आडनावावरून शोध घेतला होता. डॉक्टर कीर्तने सत्तर साली वारले, सुचेताबाई चौऱ्याण्णव साली. मुलगा शिरीष मात्र आहे, सहाऐंशी वर्षांचा, पार्ल्याला राहतो. मंजूषाने नंबर आणून काकूंपुढे ठेवला आणि फोन करायचा की नाही ते त्यांच्यावर सोडलं. तीन दिवस तो कागद फळांच्या टोपलीखाली होता. त्या तीन दिवसांत काकूंना एकाच गोष्टीची काळजी होती. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या आईबद्दल असं काही सांगावं का? त्याच्या डोक्यात त्याची आई चांगली आहे, ती प्रतिमा आपण का मोडायची? आणि गप्प बसलो तर आपणही त्या दोघांसारखेच झालो. शेवटी त्यांनी ठरवलं की सांगायचं, पण हळूहळू.

फोन केला तेव्हा मंजूषा शेजारी होती. काकूंनी स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, शांघायचं नाव घेतलं.

"तुम्ही फोन कराल कधीतरी, असं वाटत होतं," शिरीष म्हणाले. "आईने जायच्या आधी मला सांगितलं होतं."

म्हणजे एकतीस वर्षं त्यांना माहीत होतं. तळेगावचा पत्ताही त्यांच्याकडे होता. एकदा ते तिथे जाऊन, शाळेच्या फाटकापासून परत गेले होते. तुम्ही सुखात होता, ते म्हणाले, तुम्हाला कशाला त्रास द्यायचा म्हणून गप्प राहिलो. ताई म्हणू का, नाही, तुम्ही लहान, कुमुद म्हणू का, असं त्यांनी विचारलं. व्हिसाचं बघतो, नात करील सगळं, एकदा भेटायला येतो, म्हणाले.

काकू म्हणाल्या, "आत्ता नका येऊ. प्रत्येकाने माझा त्रास वाचवला. मला आता थोडे दिवस रागावू द्या."

त्यांनी फोन ठेवला. मग मंजूषाला एकच विचारलं, आत्यालाही माहीत असेल का गं. मंजूषाने मान हलवली, पण ती हो की नाही ते तिलाही सांगता आलं नसतं.

हे एप्रिलमधलं. शिरीष अधूनमधून मेसेज पाठवतात. काकू वाचतात, कधी उत्तर देतात, बहुतेक वेळा नाही. नवमीला यंदा मला बोलावणं आलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

सप्टेंबरपासून त्या बुधवारी सकाळी फोरबर्गच्या वाचनालयात जातात. तिथे बाहेरून आलेल्या लोकांसाठी डच बोलण्याचा वर्ग असतो, कॉफी घेत गप्पांसारखा. एका बुधवारी मंजूषाला ऑफिसात अडकावं लागलं म्हणून त्यांना सोडायला मी गेले होते. शिकवणाऱ्या बाई प्रत्येकाला घरच्या माणसांविषयी सोपे प्रश्न विचारत होत्या. काकूंची पाळी आली. तुमची आई काय करायची?

त्या शब्द शोधत थांबल्या. मग चुकतमाकत, पण ऐकू येईल अशा आवाजात डचमध्ये म्हणाल्या, "माझी आई नर्स होती. मुंबईत होती. चौऱ्याण्णव साली गेली."

बाईंनी एका क्रियापदाचं रूप दुरुस्त केलं. काकूंनी ते वहीत लिहून घेतलं.