कमळचा नंबर

देवराम वायरमनच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं. एकावर एकादशी नि संकष्टी, दुसऱ्यावर प्रतियुत्या. डोळखांबच्या बाजूला प्रतियुती म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या पक्षाची? मग देवराम समजावत बसतो. पृथ्वी मधे, सूर्य एकीकडे, ग्रह बरोबर समोर. त्या दिवशी ग्रह सगळ्यात मोठा, सूर्य बुडाला की उगवणार, पहाटेपर्यंत राहणार. समजावणं संपेस्तोवर ऐकणारा आटगाव स्टेशनात पोचलेला असतो.

शनीची प्रतियुती गेली सात-आठ वर्षं नेमकी पावसात. पण ह्या गड्याचा नियम पक्का, फोटो काढायचा तो प्रतियुतीलाच. ढगाला भोक पडेल म्हणून तो खळ्यात दुर्बीण मांडायचा आणि बायको कमळ वर ताडपत्रीचं टोक धरून बसायची. इतके पावसाळे ताडपत्री धरली बाईने, शनी काही पाहिला नाही.

दोन हजार चोवीसला, दीड दिवसाचे गणपती बोळवून आले त्या रात्री, भोक पडलं. देवरामने मोबाईल दुर्बिणीच्या आयपीसला, डोळा लावायच्या काचेला, लावला. व्हिडिओत ग्रह थरथरतो आणि मागून कमळ बोलते.

"अवो, माझा नंबर कदी?"

"थांब गो, हालतंय."

"शनीला बायको हाय का?"

"गप बस."

"नसंल. म्हणून तर येवढ्या लांब राहतो."

तेवढ्यात ढग मिटले.

ऑक्टोबरात आभाळ धुऊन निघालं. शनी रोज संध्याकाळी खळ्यावर. कमळ म्हणाली, "आता दाखवा की." देवराम म्हणाला, "आता लांब गेला तो. पुढच्या साली बग, कडं तारंएवढं बारीक होनार हाय." आणि दुर्बीण गोणपाटात बांधली. मार्गशीर्षात कमळला ताप आला, सहाव्या दिवशी गेली.

फोटो करायचा तर सॉफ्टवेअर व्हिडिओतली हजारो चित्रं एकावर एक रचतं आणि आवाज टाकून देतं. फोटो झकास आला. देवरामने तो भिंतीला लावलाच नाही. तो व्हिडिओ ऐकत राहिला; जेवताना, खांबावरून उतरल्यावर. पुढे पुढे मोबाईल बंद असला तरी गोणपाटाच्या बाजूने ऐकू यायचं, माझा नंबर कदी?

पंचवीसची प्रतियुती आली सर्वपित्री अमावस्येला. चंद्र नाही, कडं तारेएवढं. असा फोटो पुन्हा तेरा-चौदा वर्षांनी. शेजारची बाईजा कुंपणावरून म्हणाली, "अवसंला शनी बगतोस? साडेसातीला आवतण धाडलंस का रे?"

"धाडलंय. तुज्याकडे आली तर चा पाज."

रात्री दहाला ढग फाटले. शनी दिसला, मधोमध एक बारीक तार ओढल्यासारखा. देवरामने मोबाईल लावायला हात उचलला आणि तो हात तसाच राहिला. मागे कुणीतरी ताडपत्री सावरल्याचा आवाज झाला. ताडपत्री तर ह्या वर्षी बाहेर काढलीच नव्हती.

त्याने मोबाईल खिशात टाकला. स्टूल आयपीससमोर सरकवलं आणि स्वतः बाजूला झाला.

त्याच्या दुर्बिणीला मोटर नाही. ग्रह मिनिटभरात निसटतो. देवराम नळीच्याच बाजूला बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतून बघून नळी हलकेच ढकलायचा, शनीला जागेवर आणायचा, पुन्हा बाजूला व्हायचा. मोठ्या आयपीसला त्याने डोळा लावला नाही. असा तासभर.

बाईजाच्या खिडकीत दिवा लागला. "कोनाला दाखवतोस रे?"

देवरामने नळी हलकेच ढकलली आणि स्टुलापासून बाजूला झाला. दिवा जरा घाईनेच विझला.

माहुलीकडून ढग चढू लागले. फोटोला अजून पाचेक मिनिटं होती. वर्षभराची तयारी, त्याला काही राहवलं नाही. मोबाईल काढून तो आयपीसवर वाकला. काच धुकटली होती, उबदार डोळा चिकटून असला की धुकटते तशी. दव म्हणावं, तर बाजूच्या छोट्या दुर्बिणीची काच कोरडी ठणठणीत.

पुसायचं फडकं खांद्यावरच होतं. देवराम सरळ झाला. मोबाईल बंद केला. शनी कडेला गेला असणार, म्हणून नळी एक बोटभर ढकलली आणि पुन्हा बाजूला उभा राहिला.