रांगेतल्या चपला

हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती, तवाची गोष्ट. औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत आकाशपाळणा चालवणारा एक माणूस होता. नाव मी इचारलं न्हाई. गळ्यात मळका रुमाल अन् आवाज बसलेला.

माझ्या बायकोला दम लागायचा. डॉक्टरनं आशा सोडली होती. "एकदा पाळण्यात बसून वरून नागनाथाचं शिखर पाहायचं," एवढंच तिचं मागणं. रांग लांब अन् ऊन डोक्यावर. तिला उभं राहवंना.

त्या माणसानं पाहिलं. म्हणाला, "मावशी, चपला रांगेत ठेवा अन् लिंबाखाली बसा."

नळावर घागरी ठेवतात तशा तिनं चपला ठेवल्या. रांग पुढं सरकली की हा वाकायचा अन् त्या आपल्या हातानं पुढं ठेवायचा.

कडक इस्त्रीतला एक पुढारी मधी घुसला.

"साहेब, ह्या चपलांच्या मागं."

"चपलांच्या मागं? मला वळखतो का?"

"न्हाई. पण चपलावाल्या मावशीला वळखतो. त्या तुमच्या आधी आल्या."

लोक हसले. पुढारी मागं गेला.

नंबर आल्यावर त्यानं पाळणा हळू फिरवला अन् आमी वर गेल्यावर थांबवला. बायकोनं शिखराला हात जोडले.

पोळ्याच्या आधी ती गेली. तिच्यासंगं उभा जन्म काढला, पण तिच्या चपलेला मी कधी हात लावला नव्हता. बाईच्या चपला गडी उचलतो का, म्हणायचो.

आता रोज सकाळी उंबऱ्यापाशी त्या पुसून सरळ ठेवतो.