गळतीमास्तरांची चार नंबरची खोली

"मग काका, किती दिवसांसाठी आलात?"

शेतघरात उतरलेला नवा पाहुणा नाश्त्याच्या टेबलाशी बसला, की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न यायचाच. विचारणाऱ्याचा काही दोष नव्हता. लांबलचक लाकडी टेबल, भोवती आठ खुर्च्या, त्यांतल्या सातांवर सुट्टीला आलेली माणसं. मग आठव्या खुर्चीवरचे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ तरी दुसरे कोण असणार?

"आहे थोडे दिवस," असं पुटपुटून ते पावाला लोणी लावायला घ्यायचे. पुढचा प्रश्न टाळायला आणखी थोडं लोणी लावायचे. चार महिन्यांत या उत्तरापायी त्यांच्या पोटात इतकं लोणी गेलं होतं, की सदरा बटणांना ओढू लागला होता.

खरं सांगायचं तर ते पाहुणे नव्हतेच. ते शेतघर त्यांच्या लेकीचं आणि जावयाचं होतं. पण लेकीने बापाला इतकं कौतुकाने ठेवलं होतं, की पाहुण्यांत आणि त्यांच्यात फरक असा काही उरलाच नव्हता.

शहरात त्यांनी चाळीस वर्षं प्लंबिंग केलं. तिथे त्यांना सगळे गळतीमास्तर म्हणत. कुठल्याही घरात शिरले की दारातच थांबायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "स्वयंपाकघरात नाही, वरच्या मजल्यावर बघा." आणि थेंब तिथेच पडत असायचा. बायको म्हणायची, "माझी हाक शेजारच्या खोलीतून ऐकू येत नाही यांना, आणि तिसऱ्या मजल्यावरचा नळ बरोबर ऐकू येतो!" बायको गेली, आणि घर इतकं गप्प झालं की मास्तर स्वतःच नळ थोडा उघडा ठेवायला लागले. लेक भेटायला आली, तो वाहता नळ तिने पाहिला, आणि तिथल्या तिथे त्यांची बॅग भरली.

शेतघराच्या भिंती मातीच्या होत्या. पाणी उन्हावर तापायचं, छपरावरचा पाऊस मोठ्या टाकीत साठायचा, भांड्यांचं पाणी वाळूतून गाळून झाडांना जायचं. नाश्त्याला टेबलावर येणारं अंडं, मध, टोमॅटो, काकडी, सगळं हाकेच्या अंतरावरून यायचं. तेच तर बघायला शहरातली माणसं येत. लेकीने बापाला चार नंबरची खोली दिली. सगळ्यांत उजेडाची, दोन खिडक्यांची. ती खोली पाहुण्यांना देता येत नाही म्हणून कितीतरी जणांना नाही म्हणावं लागायचं. फोनवरचं ते "नाही हो, चार नंबर रिकामी नाही," मास्तरांना भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू यायचं. त्यांचे कान असले, त्याला ते तरी काय करणार!

बरं, काम करावं म्हटलं तर लेकीचं एकच पालुपद. "तुम्ही बसा, बाबा." भाजी निवडू? तुम्ही बसा. चादरी वाळत घालू? तुम्ही बसा ना. एकदा दोन नंबरच्या बाथरूमचा नळ ठिबकतोय म्हणून मास्तर पाना घेऊन उठले, तर जावई धावत आला. जावई भला माणूस. इतका नम्र, की त्याच्यावर रागावायचीही सोय नाही. "अहो, तुम्ही कशाला बाबा? मी माणूस बोलावलाय." एका नळासाठी माणूस! तो माणूस तिसऱ्या दिवशी उगवला आणि दोन नंबर मोठा वायसर ठोकून गेला. मास्तर चार नंबरच्या खोलीत बसून ते ऐकत होते.

सगळ्यात जास्त त्यांना लागायची ती सकाळची वेळ. पाहुण्यांचा नाश्ता आटोपला, की लेक आणि जावई स्वयंपाकघरात दोन बुटक्या स्टुलांवर बसायचे आणि तव्यावरचं तिथेच, उभ्या-आडव्या गप्पा मारत, भांडत खायचे. बंद दारातून हसणं यायचं. तिसरं स्टूल कोपऱ्यात होतं, त्यावर कांद्यांची टोपली असायची. त्या स्टुलावर बसायला मास्तरांना चार महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. महिनाअखेरीपर्यंत बघायचं, नाहीतर आपल्या शहरातल्या बंद घरी परत जायचं. लेकीच्या घरी पाहुणा म्हणून म्हातारं व्हायचं नाही. बॅग त्यांनी आधीच अर्धी भरली होती.

आणि अशात त्यांना गळती सापडली.

पावसाच्या टाकीला बाहेरून काचेची नळी होती, आत किती पाणी आहे ते दिसायला. पाऊस थांबल्यापासून मास्तर रोज फेरी मारताना ती बघू लागले. बागेचे नळ बंद, तरी पाणी रोज दोन बोटं उतरत होतं! पहिल्या दिवशी त्यांनी भुवया उंचावल्या. तिसऱ्या दिवशी ते टोमॅटोच्या वाफ्यात गुडघ्यावर बसले, जमिनीला कान लावला, आणि त्यांचा चेहरा उजळला. खाली थेंब पडत होते. एक नाही, अनेक.

त्यांनी गवताचं आच्छादन बाजूला केलं, हातभर माती उकरली. खाली भाजलेल्या मातीच्या नळ्या, एकीला एक टेकवून ठेवलेल्या. सांध्याला सिमेंट नाही, काही नाही, नुसत्या चिंध्या गुंडाळलेल्या! पाणी आपलं पाझरतंय. मास्तर कळवळले. "कुठल्या आंधळ्याने टाकलीय ही लाईन!" असं ते त्या अज्ञात कारागिराला मोठ्याने म्हणाले, आणि मग त्याच्या हाताला, डोळ्यांना आणि त्याला शिकवणाऱ्याला आणखी बरंच काही म्हणाले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लेकीला सांगावं का? सांगितलं तर काय होणार ते ठाऊक होतं. तुम्ही बसा, मी माणूस बोलावते. छे! आधी काम, मग सांगणं. दुपारी लेक खोल्या आवरण्यात गुंतलेली असे, जावई पाहुणे आणायला स्टेशनवर जाई. सहा दुपारी मास्तरांनी डोळ्यांत तेल घालून काम केलं. सांध्यापाशी खड्डा, चिंधी बाहेर, गच्च सिमेंट, वर माती, वर गवत जसंच्या तसं. सव्वीस सांधे. पाठ मोडून आली, पण रोज जेवण दुप्पट जायला लागलं. सातव्या दिवशी काचेच्या नळीतलं पाणी तसूभरही हललं नाही. मास्तरांनी टाकीवर अशी थाप मारली, जशी शहाण्या बैलाच्या पाठीवर मारावी, आणि लेकीच्या लक्षात कधी येतंय त्याची वाट बघत बसले.

लेकीच्या लक्षात दुसरंच काही आलं. टोमॅटोची पानं माना टाकू लागली. घेवडा पिवळा पडला. लेक रोज वाकून पानांच्या खालच्या बाजू तपासत होती, जावई पुस्तक घेऊन कीड शोधत होता. "माझंच काहीतरी चुकतंय," असं लेक दोनदा म्हणाली, आणि ते ऐकून मास्तर स्वतः पानं उलटून बघून आले. पण रोग म्हणजे रोग, त्यात प्लंबर काय करणार?

शुक्रवारी नाश्त्याला एका शिक्षिकेने जावयाला विचारलं, "बागेला पाणी कधी घालता हो? घालताना तर कोणी दिसत नाही."

"घालावं लागतच नाही," जावई अभिमानाने म्हणाला. "जमिनीखाली मातीच्या नळ्या आहेत. सांधे मुद्दाम मोकळे ठेवलेत. मुळांपाशी पाणी झिरपत राहतं. टाकी रोज दोन बोटं उतरते, तेव्हा समजायचं बाग पाणी पितेय."

मास्तरांच्या हातातली लोण्याची सुरी तशीच राहिली. चाळीस वर्षांत कोणाच्या घरी त्यांच्या हातून एवढं नुकसान झालं नव्हतं, आणि झालं ते पोटच्या लेकीच्या घरी.

ते खोलीत गेले. उरलेली अर्धी बॅग भरली. दुपारची बस होती. चिठ्ठी लिहून ठेवली असती तर कोणी काही बोललंही नसतं, लेक तर मुळीच नाही. ती म्हणाली असती, असू दे बाबा, तुम्ही बसा. पण दारापर्यंत जाऊन मास्तर थांबले. केलेलं काम बिघडलं आणि प्लंबर पळाला, असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. बॅग खाली ठेवून ते सरळ स्वयंपाकघरात शिरले.

लेक आणि जावई स्टुलांवर बसले होते. मास्तरांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टाकी, थेंब, चिंध्या, सिमेंट.

"किती सांधे?" लेकीने विचारलं.

"सव्वीस."

"सगळे?"

"एकही सोडला नाही," मास्तर म्हणाले. एवढ्या शरमेतही आवाजात जरा अभिमान आलाच.

आणि लेकीचा बांध फुटला. "अहो, काय माणूस आहात तुम्ही! ती लाईन मी टाकलीय! माझ्या हातांनी, दोन महिने, गुडघे सोलवटेपर्यंत! आठ दिवस मी झाडांची पानं उलटीपालटी करतेय, वेड लागायची पाळी आलीय मला, आणि तुम्ही तिथे बसून लोणी खाताय! एका शब्दाने विचारायचं नाही?"

"विचारणार कधी?" मास्तरांचाही आवाज चढला. "तोंड उघडलं की तू म्हणतेस बसा! चार महिने बसलोय मी! बसून बसून खुर्चीला मुळं फुटतील माझ्या!"

"तुम्हाला आराम मिळावा म्हणून!"

"आराम कोणी मागितला होता? तुझी आई होती तेव्हा कधी आराम केला मी? पाहुण्यासारखं ठेवलंस गं मला. लेकीचं घर म्हणून आलो होतो मी."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण राग काही उतरला नाही. जावयाने हळूच दार लोटलं. "जरा हळू... बाहेर पाहुणे ऐकतायत."

"ऐकू देत!" बापलेक एकदमच म्हणाले.

मग लेकीने पदराने नाक पुसलं आणि कडाडली, "आणि आता बघत काय उभे राहिलात? छिन्नी घ्या, हातोडी घ्या, काय लागेल ते घ्या. ते सांधे मोकळे झाल्याशिवाय तुम्हाला चहा नाही!"

हुबेहूब तिच्या आईचा आवाज. मास्तर अवजारांची पिशवी आणायला निघाले आणि चालता चालता त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला बरं वाटतंय. अगदी लाज वाटावी इतकं बरं वाटतंय. चार महिन्यांत त्यांच्यावर कोणी ओरडलं नव्हतं. पाहुण्यावर कोण ओरडतं?

एका दिवसात कसलं होतंय? तीन दिवस लागले, आणि चहा अर्थात पहिल्याच तासाला आला. जावई बादल्यांनी पाणी घालून झाडं जगवत होता. लेक आणि बाप शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसून सिमेंट फोडत होते. सहाव्या-सातव्या सांध्याशी मास्तर म्हणाले, "शेवटच्या वाफ्यात काकडी धरत नसेल बघ."

"तुम्हाला कसं कळलं? तिथे काहीच धरत नाही. जमीन वाईट आहे."

"जमिनीला कशाला नावं ठेवतेस? सगळे सांधे सारखेच मोकळे. पहिले दहा जण पोटभर पितात, शेवटच्याला काय उरणार?" त्यांनी पिशवीतून सुतळीचं बंडल काढलं. "टाकीजवळच्या सांध्याला तीन वेढे, मग दोन, मग एक. शेवटचे सोडून द्यायचे मोकळे."

जन्मभर ज्यांनी थेंब बंद केले, ते आता जमिनीला कान लावून थेंब मोजत होते, सुतळी घट्ट-सैल करत होते आणि लेकीला सांगत होते, "आता ऐक, आता बरोबर पडतोय." लेकीला काही ऐकू येत नव्हतं, तरी ती कान लावून बसली होती. टोमॅटोची पाच रोपं गेलीच. बाकीच्यांनी आठवडाभरात माना वर केल्या. टाकी पुन्हा रोज दोन बोटं उतरू लागली.

बॅग रिकामी केली ती मात्र चार नंबरच्या खोलीत नाही. स्वयंपाकघरामागे अवजारांची खोली होती, तिथे एक खाट बसत होती. लेकीने आधी नाही-नाही केलं, मग कांद्यांची टोपली स्टुलावरून उचलून खाली ठेवली.

दोन महिन्यांनी एक निवृत्त साहेब सपत्नीक चार नंबरला उतरले. सकाळी मास्तर टेबलावर पावाची टोपली ठेवायला आले, तर साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली. "या, बसा ना! किती दिवसांसाठी आलात तुम्ही?"

मास्तर तोंड उघडणार, तोच आतून आवाज आला, "बाबा! पुन्हा गप्पा मारत बसलात का तिकडे? दोन नंबरचा नळ बघतो म्हणालात त्याला तीन दिवस झाले! आणि शेवटच्या वाफ्यातल्या काकड्या काढल्या का? सकाळपासून सांगतेय!"

साहेबांच्या पत्नी ताटात बघू लागल्या. साहेब पुढे झुकून हळू आवाजात म्हणाले, "फारच बोलतात हो त्या तुम्हाला."

"बोलते ना?" मास्तरांच्या मिशा हसल्या. "लेक आहे माझी."

आणि पाना खिशात घालून ते काकड्या आणायला निघाले.