मार्कांच्या मावशी

सरोजमावशी नव्या माणसाला ‘कशी आहेस’ असं कधी विचारायच्या नाहीत. ‘केमिस्ट्रीत किती?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळात सगळे त्यांना मार्कांच्या मावशी म्हणायचे, अर्थात पाठीमागे. प्राण्यांचे डॉक्टर घडवणाऱ्या एका व्हेट स्कूलच्या ॲडमिशन्स ऑफिसात त्यांची नोकरी झाली होती. परदेशी अर्जदारांचे मार्क इथल्या मापात बसवून जीपीए, म्हणजे एकूण सरासरी काढायची, हे त्यांचं काम. रिटायर झाल्या तरी डोकं तिथंच होतं.

गणपतीत त्यांच्याभोवती अर्ज करणाऱ्या मुलांच्या आयांची गर्दी व्हायची. ऑक्टोबरात अर्जांची मुदत संपली की त्यांचे फोन बंद. “आता पुढच्या गणपतीला,” असं त्या हसून म्हणायच्या. हसू फार टिकायचं नाही.

मीही कामापुरतीच गेले होते. लग्न होऊन नाशिकहून आलेली. नवरा हॉस्पिटलात शिफ्ट करायचा, मी दिवसभर घरात एकटी. प्राण्यांची डॉक्टर व्हायचं वेड जुनं होतं, आणि बीएस्सीवर पदवीधरांच्या जागेसाठी अर्ज करता येत होता. मावशींनी चहा ठेवला, माझ्या मार्कशीट टेबलावर पसरल्या आणि पेन्सिल घेतली.

“सगळे विषय सारखे नसतात बरं का. चार क्रेडिटचा विषय चारदा मोजायचा, एकाचा एकदा. सगळ्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. मग सायन्सच्या विषयांचं वेगळं ॲव्हरेज. दोन्ही बघतात.” पेन्सिल थांबली. “ही ऑरगॅनिक केमिस्ट्री दोनदा का दिसतेय?”

“नापास झाले होते. पुन्हा बसले तेव्हा चांगले पडले.”

“तू अर्ज करतेयस त्या स्कूलमध्ये दोन्ही धरतात. पहिलं पुसलं जात नाही.” त्यांनी भागाकार केला. “थोडंसं कमी पडतंय.”

गोड करून सांगायची त्यांना सवयच नव्हती. नापास का झालीस, हे मात्र त्यांनी विचारलं. पेपरच्या आदल्या आठवड्यात माझी आई गेली होती. हे अर्जात लिही, असं त्या म्हणाल्या तेव्हा मी चिडले.

“आईच्या मरणाचे मार्क मागू का मी?”

“मार्क नको मागूस. घडलं ते सांग. ॲव्हरेजला ते कळत नाही गं, वाचणाऱ्याला कळतं.”

मी लिहिलं. अर्ज गेल्यावरही मी ट्रॅमनं त्यांच्याकडे जात राहिले. डिसेंबरात दुपार सरता सरताच अंधारून यायचं आणि मावशी दिवा न लावता बसलेल्या असायच्या. “कुणी येणार नसलं की लक्षातच राहत नाही,” म्हणायच्या.

अशाच एका दिवशी त्या स्वतःच्या मुलाबद्दल बोलल्या.

“रोहननं आमच्याच स्कूलला अर्ज केला होता. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, मार्क जरा कमी पडले. मी वरिष्ठांना सांगून त्याच्या फाइलपासून लांब राहिले. सगळ्यांना वाटलं, आई आहे, काहीतरी करेल. त्यालाही वाटलं असणार.”

“मग?”

“मग काय. इंजिनिअर झाला. ब्रिस्टलला असतो, दिवाळीला फोन करतो.” बराच वेळ त्या कप नुसता फिरवत राहिल्या. “नकार आला त्या दिवशी त्याच्याजवळ बसायला हवं होतं. मी त्याला नियम समजावत बसले.”

वसंतात मला प्रवेशाची ऑफर आली. मी सांगायला धावत गेले. मावशींनी माझे दोन्ही हात धरले, ते सोडेचनात. मग म्हणाल्या, “फिजिऑलॉजी जड जाते. आत्तापासून वाच.”

शिकायला मी दुसऱ्या शहरात गेले. रविवारी फोन व्हायचा. दुसऱ्या वर्षी थंडीत मावशी झोपेतच गेल्या.

क्रेमेटोरियममध्ये माणसं थोडीच होती. मंडळातल्या आयांपैकी जेमतेम दोघी. बाहेर कारपार्कमध्ये काळ्या कोटातला एक उंच माणूस माझ्याकडे आला आणि इथंच वाढलेल्या मुलांच्या मोडक्या मराठीत बोलू लागला.

“तू आईचा व्हेट ना? मी रोहन.” मग त्यानं विचारलं, “आई माझ्याबद्दल बोलायचा?”

“बोलायच्या. तुमच्या अर्जाबद्दल सांगितलं होतं. तुमच्याजवळ बसायला हवं होतं, म्हणाल्या.”

त्यानं मान खाली घातली.

“माझे ग्रेड्स कमी होते. तिचा काही चूक नव्हता. मी थोडे दिवस अँग्री होतो, मग नाही. तिला सांगायला पाहिजे होता.” त्यानं डोळे पुसले. “दर दिवाळीला ठरवायचो, आज सांगायचा. मग आम्ही वेदरबद्दल बोलायचो.”