चप्पल पायात, एक हात खिशात

दादानं त्या दिवशी चप्पल काऊन काढली?

हा प्रश्न मी मुन्नाला विचारला, निर्मलाताईला विचारला, मांडववाल्याला विचारला, त्या गावच्या मंडळाच्या अध्यक्षाला तर दोनदा विचारला. कोणीच उत्तर दिलं नाही. उत्तराऐवजी सगळे मला चहा पाजतात आणि दादाचा एखादा किस्सा सांगतात. मग मीही एक सांगतो. जुना कीबोर्ड उघडला की त्याच्या पोटात काय काय निघतं! तांदळाचे दाणे, झेंडूच्या पाकळ्या, कोणाची टिकली. मुद्दाम कोणी टाकत नाही. वाजवता वाजवता पडत जातं. किस्स्यांचंही तसंच आहे.

आमचा दादा म्हणजे विलास. अर्जुनीला बसस्टँडच्या मागे त्याचं कीबोर्ड दुरुस्तीचं दुकान होतं, आणि आमची चार जणांची गाण्याची पार्टी होती. दादा कीबोर्डवर. मुन्ना ऑक्टोपॅडवर, तो गोंदियाचा, बोलणं हिंदीत, आणि ॲम्प्लिफायर त्याच्या मालकीचा. निर्मलाताई गायची. मी आठवीत शाळा सोडलेली, त्यामुळे सामान उचलायचो, स्क्रू खोलायचो आणि विचार न करता कुठंही हात घालायचो.

दादा भित्रा होता. हे मी त्याच्या माघारी म्हणत नाही, तोंडावरही म्हणायचो. करंटला एवढा भिणारा माणूस करंटचं काम कायले करते, असं सगळी अर्जुनी विचारायची. दादा म्हणायचा, "जो भीत नाही, त्याले मी दुकानात ठेवत नाही."

"मग मले काऊन ठेवलं?"

"तू भाऊ आहेस ना बे. तुले भीती शिकवीन मी!"

*

दुकानातला माझा पहिला दिवस. दादानं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं : चप्पल पायात, एक हात खिशात.

चप्पल रबराची पाहिजे, म्हणजे करंटला जमिनीत जायला वाट मिळत नाही. आणि काम एकाच हातानं करायचं. दोन्ही हात लावले तर करंट एका हातातून शिरतो, छातीतून जातो आणि दुसऱ्या हातातून निघतो. छातीत काय असतं ते दादानं माझ्या छातीवर बोट ठोकून दाखवलं.

मी लगेच हात खिशात घातला. खिसा होता फाटका! हात थेट गुडघ्यापर्यंत गेला.

मुन्ना हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. दादा मात्र गंभीर. म्हणाला, "चालते. हात आत पाह्यजे. खिसा कसाही राहो!"

*

कामठ्याहून एकदा सासरा-जावई आले. कीबोर्ड लाल फडक्यात बांधलेला, वरून लिंबू-मिरची.

सासरा हळूच म्हणाला, "मास्तर, चालू केला का कोणी हात न लावता वाजते. एकच सूर. रडल्यासारखा."

दादा उठला आणि दुकानाच्या बाहेर जाऊन उभा राहिला. तिथून मला म्हणाला, "खोल."

मी खोलला. कीबोर्डच्या पट्ट्यांखाली रबराची लांब पट्टी असते, तिच्यावर काळे ठिपके. बोट दाबलं की ठिपका खालच्या बोर्डाला चिकटतो आणि सूर निघतो. तिथं ओल गेली तर बोट न दाबताही सूर निघत राहतो. इथं तर मुंग्यांनी अंड्यांसकट संसार थाटला होता.

"काय आहे?" बाहेरून दादा.

"मुंग्या!"

मग कुठं मास्तर आत आले. नाक जवळ नेऊन वास घेतला. "मुंग्यांचं मी पाहतो. पण बोर्डावर लिंबू कोणी पिळलं?"

सासऱ्यानं जावयाकडं पाहिलं. जावयानं कीबोर्डाकडं पाहिलं.

"भूत गेलं असन तर गेलं," दादा म्हणाला. "बोर्डावरच्या तांब्याच्या दोन रेघा मात्र नक्की गेल्या!"

ते गेल्यावर दादानं ती लिंबू-मिरची उचलली, इकडं तिकडं पाहिलं आणि गुपचूप आमच्याच दाराच्या आतल्या खिळ्याला टांगली. आमची आई विहारात पहिल्या ओळीत बसणारी. तिनं पाहिलं असतं तर त्या खिळ्याला आम्हा दोघांना टांगलं असतं.

"दादा, तू मानतस का हे?"

"मी कायले मानू? मी फक्त भितो!"

*

केशोरीकडं कार्यक्रमाला जाऊन राहिलो होतो. भरदुपार. जंगलातल्या रस्त्यावर नाकाबंदी. जवानांनी गाडी थांबवली आणि आमची पेटी उघडली. आत वायरींचं भेंडोळं, काळा डबा आणि ओळीनं बसवलेले सहा मोठे सेल!

सगळे जवान चार पावलं मागं सरकले. त्यांच्याबरोबर दादाही सरकला.

साहेब म्हणाले, "ये क्या है?"

"बाजा आहे साहेब."

"बजाके दिखाओ."

दादानं रस्त्यावरच कीबोर्ड मांडला. बोटं अशी कापत होती की एका सुराऐवजी चार वाजले असते. त्यानं चलाखी केली. कीबोर्डला एक बटन असतं, दाबलं की कंपनीनं भरून ठेवलेलं गाणं आपोआप वाजतं. दादानं ते दाबलं आणि बोटं पट्ट्यांवर नाचवायची तेवढी सुरू केली.

तेवढ्यात मागं कोणाच्या तरी बंदुकीचा खटका वाजला. दादानं दोन्ही हात वर केले! गाणं चालूच. ढोल, बासरी, व्हायोलिन, सगळं जोरात!

साहेबांनी कीबोर्डाकडं पाहिलं. मग वर, दादाच्या हातांकडं पाहिलं.

"हाथ ऊपर करके भी बजाता है! जाने दो इसको."

*

हा किस्सा अडॅप्टरचा. अडॅप्टरची पिन सगळ्यांची दिसायला सारखीच, पण एकाची मधली पिन प्लस असते, दुसऱ्याची मायनस. उलटा लावला की कीबोर्ड गेला. म्हणून दादानं निर्मलाताईची नेलपॉलिश मागून आणली आणि आमच्या कीबोर्डच्या अडॅप्टरवर लाल ठिपका दिला.

सौंदडच्या लग्नात दादानं पिशवी उघडली. सात अडॅप्टर. सातही लाल!

मुन्ना छाती काढून म्हणाला, "एक पे लगा था, अच्छा नहीं दिख रहा था. मैंने सबको लगा दिया, मास्टर!"

मी म्हणालो, "लावून पाहू ना एकेक." दादानं माझ्या हातावर चापट मारली. सातातला एकही अडॅप्टर लावला नाही. कार्यक्रम सेलवर सुरू केला. वऱ्हाड आलं आणि सेल उतरले. सूर असा ओढला गेला, जसं कोणी झोपेत गाऊन राहिलं आहे. नवरदेवाच्या मामानं ताईकडं पाहून विचारलं, "बाईंचा गळा बसला का?"

ताई माइकवरूनच म्हणाली, "माझा नाही जी, ह्याचा बसला!"

मग वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांचे टॉर्च गोळा केले आणि त्यांचे सेल कीबोर्डला घातले. नवरी वाजतगाजत आली. जाताना म्हातारे मात्र कुरकुरत, एकमेकांच्या टॉर्चमध्ये आपले सेल शोधत बसले.

*

दादा करंटपेक्षा जास्त फक्त निर्मलाताईला भ्यायचा. कीबोर्डला ट्रान्सपोज म्हणून बटन असतं, सुराची पट्टी वरखाली करायचं. दुकानात तपासताना दादानं ते तीन घरं वर चढवलं आणि खाली आणायचं विसरला. ताई त्या दिवशी अख्खं गाणं मानेच्या शिरा ताणून गायली. खाली उतरल्यावर तीन दिवस ती त्याला बोलत होती.

मी म्हटलं, "दादा, करंट बरा."

दादा म्हणाला, "बराच ना! करंट एकदाच मारते."

त्या वेळी आम्ही सगळे हसलो होतो. मीच सगळ्यात जोरात.

*

मुन्नाच्या ॲम्प्लिफायरचा डबा लोखंडी होता. अधूनमधून झिणझिण्या द्यायचा. मुन्ना म्हणायचा, "थोड़ी झुनझुनी है मास्टर, मालिश समझो!"

दादा त्याला नेहमी उलटा हात लावायचा. बोटांची मागची बाजू. मला सांगायचा, "करंट लागला का मूठ आवळते. तळव्यानं धरलं तर सुटत नाही. उलटा हात लावला तर झटक्यानं दूर फेकला जाते."

"पण कीबोर्ड तर बारा व्होल्टचा."

"बारा व्होल्टानं मुंगी नाही मरत. पण कीबोर्डमधून आवाजाची वायर कुठं जाते? ह्या डब्यात. डब्यात करंट उतरला का त्याच वायरीनं तो आपल्याकडं येते."

मुन्नानं डबा दुरुस्त करून घेतला नाही. झुनझुनीच तर होती.

आमचे कार्यक्रम बहुतेक वस्तीतल्या मांडवात. स्टेजवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मग चपला सगळ्यांच्या खाली. हे बरोबरच आहे. दादालाही बरोबर वाटायचं. म्हणून तो स्टेजवर चढायचाच नाही! कीबोर्डचा स्टँड खाली, बाजूला लावायचा आणि चप्पल घालून वाजवायचा. लोक त्याला चप्पल मास्तर म्हणायचे. नवीन गावात कोणी म्हणालं, "मास्तर, वर या ना," तर हात जोडायचा. "तसबिरीपुढं चप्पल घालणार नाही अन् चप्पल काढणार नाही. मी खालीच बरा."

दहा वर्षं तो खालीच उभा राहिला.

*

त्या दिवशी जयंतीचा कार्यक्रम होता, दुपारी चारचा. एप्रिलचं ऊन. गावकऱ्यांनी धूळ उडू नये म्हणून मांडवात टँकरनं पाणी मारलं होतं. स्टेज लोखंडी पत्र्याचं, तेही धुऊन काढलेलं. आमच्यासाठीच केलं होतं सगळं.

ॲम्प्लिफायरचा फ्यूज उडाला. दादा म्हणाला, "छोट्या, नवीन फ्यूज आण. फ्यूज उगाच नाही उडत, आल्यावर डबा पाहू."

मी सायकल घेतली. फ्यूज घेतला. रस्त्यात रसवंती होती, तिथं एक ग्लास रस प्यालो. एकच ग्लास.

परत आलो तर कोणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून मशीन चालू केली होती. कोणी, ते मी विचारलं नाही. मुन्ना त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत पाहत नाही.

दादा स्टेजवर होता. तसबिरीच्या बाजूला. कीबोर्डची वायर हातात. मला वाटलं, वाजवून राहिला. मग पाहिलं, तो हलून राहिला होता. मी धावलो, धरणारच होतो, तर निर्मलाताईनं मला मागून सदऱ्याला धरून खाली आपटलं आणि ओरडली, "प्लग काढा!" प्लग काढला. दादा पडला.

त्याचा उजवा हात वायरीवर होता. डावा हात खिशात होता. पाय उघडे होते.

चपला पायऱ्यांजवळ होत्या. एकीला एक लावून, नीट. लहान पोरानं शाळेबाहेर काढून ठेवाव्या तशा.

म्हणून विचारतो. मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, "आम्ही तर काही म्हटलं नाही गा." मांडववाला म्हणतो, मी मांडवाचे दोर पाहत होतो. मुन्ना म्हणतो, "मैं वायर देख रहा था." ताई उठून चहा ठेवते. दहा वर्षं जो चढला नाही, तो त्या दिवशी कायले चढला? कोणी बोलावलं? की त्यालाच एकदा वाटलं, आज वरून वाजवू?

दुकान मी उघडतो. आता भीती मला पूर्ण येते. शटरला हात लावतो तो उलटा. नळाला उलटा. परवा आईला ताप होता, तिच्या कपाळाला हात लावला तोही उलटा. आईनं तो धरला, सरळ केला आणि कपाळावर ठेवून घेतला.

*

दादाची माती दुसऱ्या दिवशी झाली. एप्रिलात आमच्याकडची जमीन दगड होते, कुदळ लागत नाही. म्हणून पोरांनी सकाळीच जागेवर पाणी सोडून ठेवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा खड्ड्यात खाली चिखल होता.

दादाला खाली उतरवलं. भंतेजी गाथा म्हणून राहिले होते. पांढरं कापड पायाकडून सरकलं होतं.

त्याच्या चपला पोलिसांनी पंचनाम्यात नेल्या होत्या.

मी खड्ड्यात उडी मारली. वरून कोणीतरी ओरडलं, "अबे छोट्या, काय करून राहिला?" भंतेजी थांबले. मी माझ्या पायातल्या चपला काढल्या. माझा आठ नंबर, त्याचा नऊ. टाच जराशी बाहेर राहत होती. अंगठा पट्ट्यात जात नव्हता, मी जोर लावून बसवला. मग दुसरा बसवला.

मग हात उलटा करून त्याच्या पायाला लावून पाहिला, आणि वर आलो.