असोद्याच्या भिंतीवरची अक्का

मी चित्रकला शिकलो ती मेलेल्या माणसांवर. दचकू नका, धंदा सरळ होता. धुळ्याच्या चौकांत लागणारे श्रद्धांजलीचे फलक मी रंगवायचो. घरात कोणी गेलं की दोन तासांत एक नातेवाईक सायकल मारत माझ्याकडे यायचा, खिशात लग्नातला नाहीतर ओळखपत्रावरचा फोटो. त्या फोटोवर मी पेन्सिलीने बारीक चौकोन आखायचो, फलकावर तेवढेच चौकोन मोठे आखायचो, आणि एकेका चौकोनातलं नाक, कान, मिशी उचलून पलीकडे नेऊन ठेवायचो. शाळा नाही, गुरू नाही, परीक्षा नाही. नापास व्हायची सोयच नव्हती.

मेलेल्या माणसाचं बरं असतं, तो हलत नाही. कुरकुरतात ते घरचे. त्यांना जसा होता तसा माणूस नको असतो, थोडा बरा हवा असतो. म्हणून मी सगळ्यांचे डोळे जरा मऊ करायचो, ओठांच्या कोपऱ्यात क्षमा ठेवायचो, डोक्यामागे फिकट पिवळा गोल काढायचो आणि वर झेंडूची माळ सोडायचो. आमच्या गल्लीतले भलेभले तापट लोक माझ्या हातून संत होऊन गेले.

मग फ्लेक्स आला. छापखान्यातून तासाभरात अख्खा माणूस गुंडाळून मिळू लागला, आणि मी ब्रश घेऊन भिंतींकडे वळलो. शाळांच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, दवाखान्यांची कुंपणं. धुळे-जळगाव रस्त्यावर मी काढलेले मोर अजून पावसाची वाट बघत उभे आहेत. पण डोळ्यांची सवय काही सुटली नाही. माझे मोरसुद्धा क्षमाशील दिसतात.

असोद्याला गेलो तेव्हा दिवाळी नुकतीच संपली होती. ग्रामपंचायतीला बसथांब्यासमोर केळीची बाग रंगवून हवी होती, आणि थांब्यासमोर सगळ्यात मोठी, कोरी, सपाट भिंत होती ती आबांच्या घराची. आबा सत्तरीचे. जन्मभर लोकांच्या बागांत केळी कापण्याचं काम केलेले. भिंत द्यायला ते लगेच तयार झाले, पण एक अट घातली. बागेतून केळीचा घड डोक्यावर घेऊन येणारी बाई काढायची, आणि ती बाई म्हणजे त्यांची बायको. तिने तीस वर्षं घड वाहिले होते, चिखलातून, बांधावरून, ट्रकपर्यंत. दुसऱ्या कुणाला काढणार असाल तर पंचायतीच्या संडासाची भिंत मोकळी आहे, तिकडे जा, असं त्यांनी मला अगदी प्रेमाने सांगितलं.

मी आधी बाग काढली. घड लोंबते काढले, केळी खाली बघणारी. आबा खाटेवरून उठून आले, बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिले.

"पेंटरभाऊ, ही केळी बाजारातली आहेत," ते म्हणाले. "झाडावरची केळी वर बघतात."

मी अख्खा दिवस खर्चून दोनशे केळी उलटी फिरवली. धुळ्याचा माणूस केळी बघतो ती हातगाडीवर. थांब्यावरच्या मंडळींनी त्या दिवशी तीन बस मुद्दाम सोडल्या.

मग अक्का, आबांची बायको. तिचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा, आणि तो आपला नाहीच असं ती शपथेवर सांगायची. तेव्हा ती रोज सकाळी भांडी आवरून माझ्यासमोर बसू लागली. जिवंत माणूस समोर बसवून काढायची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. आणि ती तर बोलायची थांबत नव्हती. मी नाक काढतोय तोवर ती शेजारणीच्या सुनेपर्यंत पोचलेली असायची. एके सकाळी मात्र तिने गप्पांच्या ओघात, नजर दुसरीकडे वळवून, विचारलं की हे चित्र भडगावच्या माणसांच्या कानावर जाईल का.

भडगाव तिचं माहेर. तिथे धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. ही निरोप मिळताच निघाली, पण वाटेत गाडी बंद पडली. माहेरच्या दारात पोचली तेव्हा सगळे नदीवरून परत येऊन हातपाय धूत होते. उन्हाळा होता, म्हातारे लोक घाई करत होते, भाऊ बहिणीसाठी थांबला नाही. आईचं तोंड दिसलं नाही. अक्का उंबरा न ओलांडता तशीच मागे फिरली. त्यानंतर ती माहेरी गेली नाही, आणि भाऊ लाजेने असोद्याला आला नाही. नऊ भाऊबीजा तिने चंद्राला ओवाळून काढल्या. हे सगळं तिने सांगितलं ते शेंगा निवडल्याच्या सुरात, आणि शेवटी म्हणाली, कान जरा मोठे काढलेस, कमी कर.

चित्र चांगलं झालं. हे मी म्हणत नाही, आबा म्हणाले. ते समोरच्या थांब्यावर जाऊन बसले आणि तासभर आपल्याच घराकडे बघत राहिले. मी मात्र वर लाकडी शिडीच्या घोडीवर उभा राहून शेवटचा हात फिरवत होतो. डोक्यामागचं आकाश रिकामं वाटलं म्हणून हाताने आपोआप एक फिकट पिवळा गोल काढला. वरची कड उघडी वाटली म्हणून झेंडूची माळ सोडली. तीस वर्षांची सवय, मी काय केलं ते मलाही कळलं नाही. गावातही कुणाला खटकलं नाही, कारण घरातल्या बाईकडून पाणी मागून प्यायचं आणि मग चित्र बघायचं, असा सगळ्यांचा क्रम होता.

जळगावला कापडदुकानात काम करणारा तिचा एक भाचा संध्याकाळी येऊन फोटो काढून गेला. त्याने तो नात्यातल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅपवर टाकला आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकलं. बस. फूटभर रुंद चेहरा, मऊ डोळे, मागे उजेड, वर माळ, खाली जोडलेले हात. खानदेशात हे वाचायला शाळा लागत नाही.

अशा वेळी कोणी फोन करून विचारत नाही. विचारणार तरी काय. लोक सरळ निघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मुक्ताईनगरहून आलेल्या दोन बायका रिक्षातून उतरल्या, डोक्यावर पदर घेतला आणि चित्रासमोर मोठ्याने रडू लागल्या. आवाज ऐकून अक्का हातात केरसुणी घेऊन बाहेर आली. तिला वाटलं, आबांना काही झालं. तीही रडू लागली. तिघी गळ्यात गळा घालून चांगल्या रडत होत्या, आणि मग एकीच्या लक्षात आलं की आपण कोणाच्या गळ्यात पडलो आहोत.

पुढचा तास अक्काने फार मजेत काढला, हे मला सांगितलंच पाहिजे. जो येई त्याला ती आधी सगळं बोलून घेऊ द्यायची. आपल्या हातची शेवभाजी, आपला स्वभाव, कोणाच्या बाळंतपणात केलेली मदत, सगळं दाराआडून ऐकायची आणि मग बाहेर यायची. एक नणंद तर तिला बघून चक्क रागावली, की एवढं चांगलं बोलले ते आता परत कसं घेऊ.

मग आबांना भडगाव आठवलं. तिथेही हे गेलं असणार. त्यांनी फोन हातात घेतला, मेव्हण्याला खरं सांगून टाकावं म्हणून. अक्काने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा," ती म्हणाली. "येतो का बघू."

आबा चिडले. पंचेचाळीस वर्षांत मी पहिल्यांदाच चिडलो असं ते मला नंतर सांगत होते, पण आवाज सरावाचा वाटला. जिवंत बाईने भावाला असं रडवायचं म्हणजे पाप आहे, असं ते तिला बजावत राहिले. ती खाटेवर बसली, बोटांनी पदराची कड गुंडाळते आणि सोडते. त्या बायकांना तिने हसवलं होतं; आता तिला हसू येत नव्हतं. भाऊ आला तर काय, आणि मेल्यावरसुद्धा आला नाही तर काय, हे दोन्ही तिच्या तोंडावर दिसत होतं. मी असे डोळे आयुष्यात कधी काढले नव्हते. पाच मिनिटांनी तीच म्हणाली, लावा फोन. आबांनी लावला. कोणी उचलेना.

आबांनी मला घोडीवर चढवलं. तो गोल आणि ती माळ आधी पुस, मग जेव, असा हुकूम झाला. मी निळा रंग कालवून झेंडूची फुलं एकेक करून आकाशात बुडवत होतो, तेवढ्यात खाली एक मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून साठीतला एक माणूस उतरला. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली, काखेत वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. त्याने भिंतीकडे बघितलं, आणि मग वर माझ्याकडे.

"नेलं का?" त्याने विचारलं.

मी हातातला ब्रश नुसता हलवला, नाही म्हणून. भिंतीला हात टेकून तो उभा राहिला, चित्रातल्या बाईच्या पायापाशी, आणि उशीर झाला नाही, उशीर झाला नाही, असं स्वतःशीच म्हणत राहिला. वरून ओघळलेला रंग ओला होता. त्याचा पंजा निळा झाला.

अक्का दारात आली. असोद्यात पंचेचाळीस वर्षं काढूनही ती माहेरचं बोलणं विसरली नव्हती.

"मी जित्ती शे, भाऊ," ती म्हणाली. "आत ये."

तो आला नाही. आधी तिच्याकडे बघत राहिला, मग भिंतीकडे, मग त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी घोडीवर एक पायरी वर चढलो. शेवटी तिथेच मातीत बसला. "मी थांबाले पाहिजे व्हतं," तो म्हणाला. एवढंच. ते कशाबद्दल होतं हे तिथल्या दोघांनाच कळायला हवं होतं, पण आम्हा सगळ्यांना कळलं, आणि थांब्यावरचे लोक उगाच रस्त्याकडे बघू लागले.

अक्का त्याच्या शेजारी खाली बसली. ती त्याच्या काखेतलं पुडकं काढून घ्यायला गेली. त्याने ते सोडायला नकार दिला, दोघांत लहान मुलांसारखी ओढाताण झाली, आणि वर्तमानपत्र फाटलं. आत हिरवं लुगडं होतं. आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की तिचं शेवटचं लुगडं माहेरून येतं. ते नेसवल्याशिवाय तिला उचलत नाहीत. भाऊ पहाटे दुकानदाराला झोपेतून उठवून ते घेऊन निघाला होता. जमलेल्या बायकांनी जीभ चावली. असलं कापड घरात घेऊ नये, नदीत सोडून दे, असं एकीने सुचवलंही.

अक्काने लुगडं उलगडून काठ बघितला, कापड बोटांत चोळून बघितलं.

"नऊ भाऊबीजांची एक ओवाळणी," ती म्हणाली. "कमीच आहे. पण रंग चांगला आणलास."

ती आत गेली आणि तेच नेसून बाहेर आली. कुंकू ताजं, हातात पिशवी. आबांना सांगितलं, भडगावला जाते, चार दिवस राहीन. भावाने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, तिने त्याची बटणं नीट लावली आणि रिक्षात बसवलं. रिक्षा वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आबा उभे होते.

मग आम्ही दोघं उरलो. लोक येतच होते. प्रत्येकासाठी आबा खाटेवरून उठायचे आणि सांगायचे, तिला काही झालेलं नाही, भावाकडे गेली आहे, चार दिवसांनी येईल. काहींना वाटलं, म्हाताऱ्याच्या मनावर परिणाम झाला. ते आबांच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे.

आलेल्यांना चहा तरी द्यायला हवा होता. आधण ठेवलं, चहापूड सापडली, साखर काही सापडेना. डबे उघडून झाले, फडताळ झालं, पिठाच्या कोठीतसुद्धा हात घातला. पाचच्या सुमाराला साखरेची जागा विचारायला आबांनी भडगावला फोन लावला. या वेळी मेव्हण्याने उचलला. आवाज अगदी हळू होता.

"झोपली आहे," तो म्हणाला. "आल्या आल्या आईच्या खोलीत आडवी झाली. उठवू का?"

आबांनी माझ्याकडे बघितलं, आधणाकडे बघितलं.

"नको," ते म्हणाले. "झोपू दे."

बाहेर बसलेल्या सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला. दुःखाच्या घरी असाच असेल असं समजून कोणी काही बोललं नाही.