मिक्सरवरची खूण

माझा कुणावर विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. दुकानदार "ताई, खास तुमच्यासाठी" म्हणाला की मी पर्स घट्ट धरते. आमच्या अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात वाढलेल्या माणसांचं असंच असतं. नवं घड्याळ दाखवा, नवी पर्स दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला, "ओरिजिनल की उल्हासनगर?" उल्हासनगर म्हणजे डुप्लिकेट.

आईचा मिक्सर बंद पडला तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर ऑफर फिरत होती. जुना द्या, नवा घ्या. बंद पडलेल्या डबड्यासाठी कोण कशाला सूट देईल? मोटरमधल्या तांब्याच्या तारेवर डोळा, दुसरं काय! आणि हा मिक्सर म्हणजे आईचं सगळं काम. बाबा गेल्यापासून ती बेलवलीतल्या आमच्या आसपासच्या घरांना रोज भाजलेल्या कांदाखोबऱ्याचं वाटण करून देते. घर माझ्या पगारावर चालतं, पण आईचा दिवस त्या वाटणावर चालतो. आम्ही अंबरनाथला राहायचो तेव्हाचा तो मिक्सर, उचलताना कंबर धरायला लावणारा. आई म्हणाली, "नव्यात माझं खोबरं होत नाही गं. शेजारणीचा बघितला ना, पाच मिनिटांत जळका वास."

मग नेहमीप्रमाणे उल्हासनगरला काकांकडे. काका म्हणजे जिन्याखालच्या टीचभर दुकानात बसणारे म्हातारे सिंधी मेकॅनिक. मी शाळेत होते तेव्हापासून हा मिक्सर त्यांनीच खोललाय. पण काका झाले म्हणून काय झालं? हे दुरुस्तीवाले चांगली मोटर काढून हलकी घालतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यावरचा उपायही सगळ्यांना ठाऊक आहे. वस्तू देण्याआधी आत नेलपॉलिशची खूण करून ठेवायची. मी खालचे स्क्रू काढले, मोटरवर लाल ठिपका दिला, स्क्रू परत बसवले. आईला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी आणायला गेले. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. काकांनी मिक्सर चालवून दाखवला. मी तिथेच तो उलटा केला आणि त्यांचाच स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडला. ठिपका नाही!

"माझी मोटर कुठंय?"

"यही है बेटी."

"मी खूण केली होती. माझ्या आईला फसवता? इतकी वर्षं येते ती!"

काकांनी मोटरवर बोट ठेवलं. "थिनर से धोया. तुझ्या आईचा मसाला, तेल, सगळा थर बसला होता आत."

"सगळे असंच सांगतात," मी म्हटलं, तेही चांगलं चढ्या आवाजात. शेजारी उभ्या माणसानं नुकतीच दुरुस्तीला दिलेली इस्त्री हळूच उचलली आणि तो निघून गेला. काकांनी त्याला हाकही मारली नाही.

घरी आईनं मिक्सर लावला, कान देऊन ऐकला आणि हसली. "हाच आहे. सुरू होताना जरा कण्हतो, मग ताळ्यावर येतो." हाच आहे? म्हणजे ठिपका खरंच थिनरनं पुसला गेला होता. मी दुकानात काय झालं ते सांगितलं. आईनं बटण बंद केलं. "सगळ्यांसमोर बोललीस?"

लाज वाटली, खूप वाटली. दर आठवड्याला माझ्या दारात ऑनलाइन मागवलेली खोकी येतात. कुणी बनवलं, आत काय घातलं, मी कधी विचारत नाही. वरची चिकटपट्टी शाबूत असली की माझं समाधान. आणि जो माणूस इतकी वर्षं एकाच जागी बसलाय, त्याची मात्र मी झडती घेतली.

रविवारी आई मला घेऊन गेली. वाटणाचा डबा काकांनी दोन्ही हातांनी घेतला, आईला स्टूल दिलं. "काका, चुकलं माझं," मी म्हटलं. "कोई बात नहीं," ते म्हणाले. सुटले, असं मला वाटलं.

निघताना आईनं विचारलं, "भाऊ, दिवाळीआधी एकदा आणते, मोटरचा कार्बन झिजलाय का बघून द्याल ना?"

"भाभी, मिक्सर आता नाही घेत. फक्त पंखे." ते आईकडे बघूनच बोलत होते. "नया ले लो. बॉक्स पॅक येतो, वॉरंटी येते. झगडा नाही."

यात टोमणा असणार म्हणून मी त्यांचा चेहरा निरखून पाहिला. सवय माझी. टोमणा नव्हता. दमलेला म्हातारा माणूस होता, बस.

"मग हा बंद पडला तर मी काय करू?" आईनं विचारलं. काकांनी हातातलं पंख्याचं पातं पुसायला घेतलं.

घरी दारात चपला काढताना आई म्हणाली, "सगळ्यांना कळव, आता आठवड्यातून एकदाच वाटण मिळेल. मिक्सर जेवढा चालेल तेवढा चालवू."